अडीच वर्षं गोळ्या चालू आहेत, तरी डिप्रेशन हटत नाही: कोकणात कुठे दाखवायचं?

देवगड तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय. त्यांचे मिस्टर ४८ वर्षांचे, घरची हापूसची कलमं. अडीच वर्षं डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत, तीन डॉक्टर झाले, तरी माणूस उठून पडवीत बसतो त्यापलीकडे काही करत नाही. यंदा मोहोर आला तेव्हा फवारणीलाही गेला नाही. जेवण कमी झालंय, पहाटे तीनला झोप मोडते. डोंबिवलीचे दीर म्हणतात, मुंबईला आणा, इथे मशीनची ट्रीटमेंट मिळते. वाडीतले म्हणतात, शॉक तेवढे देऊ नका. ताईंना एवढंच हवंय: जवळपास असा दवाखाना आहे का, आणि तो चांगला आहे हे ओळखायचं कसं?

ताई, मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. गेली २२ वर्षं याच किनाऱ्यावर काम करतो. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन महिन्याला दोन-तीन घरं तरी माझ्यासमोर बसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पण त्याआधी एक काम आजच करा. ‘मी नसतो तर बरं झालं असतं’, ‘तुम्हाला माझा भार झालाय’ असं ते बोलतात का? बोलत नसले तरी शांतपणे, सरळ शब्दांत विचारा की जीव द्यावा असं मनात येतं का. विचारल्यामुळे तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. बहुतेक माणसं कुणीतरी विचारलं म्हणून मोकळी होतात. बागायतदाराच्या मांगरात फवारणीची औषधं असतातच. ती आज कुलपात घाला आणि किल्ली स्वतःजवळ ठेवा, किंवा सरळ दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवा. गोळ्यांचा साठाही तुमच्या ताब्यात असू द्या, रोजची रोज हातावर द्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. उत्तर ‘हो’ आलं, किंवा खाणंपिणंच सुटलं, तर क्लिनिक शोधत बसू नका. १०८ बोलवा आणि जिल्हा रुग्णालय गाठा. त्यांना एकटं ठेवू नका.

आता ‘गोळ्या लागू पडत नाहीत’ या वाक्याकडे येतो.

हे वाक्य घेऊन कुणी आलं की मी आधी पिशवी मागतो. घरात साड्यांच्या दुकानाची एक प्लॅस्टिकची पिशवी असते, तिच्यात सगळी औषधं, बिलं, चुरगळलेल्या चिठ्ठ्या. ती टेबलावर ओतायची आणि पाकिटं एकेक करून लावायची. मागे एका तांडेलाची पिशवी अशीच ओतली होती. झोपेच्या गोळीची पाकिटं सगळी रिकामी, शेवटच्या गोळीपर्यंत. डिप्रेशनच्या गोळीची चार पाकिटं मात्र अर्धी भरलेली, आणि एका पाकिटात ब्लेडने कापलेले गोळीचे अर्धे तुकडे. ‘पुरी उष्ण पडता डॉक्टर, म्हणून अर्धी घेतंय,’ तो म्हणाला. खोटं काहीच बोलत नव्हता. त्याच्या हिशेबाने तो दोन वर्षं औषधावर होता. माझ्या हिशेबाने त्याचं औषध अजून सुरूच झालं नव्हतं.

एस्सिटालोप्राम या डिप्रेशनच्या गोळीचं उदाहरण घ्या. साधारण १० मिलिग्रॅमने सुरुवात होते आणि गरज पडली तर २० पर्यंत नेतात. पाचच्या गोळीवर दोन वर्षं काढली, तर ती गोळी हरली असं म्हणता येत नाही, ती नीट दिलीच गेली नाही. शिवाय आपल्याकडे एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम हे झोपेचं-घाबरटपणाचं औषध एकाच गोळीत मिळतात. घाबरं कमी होतं, झोप लागते, म्हणून ती वर्षानुवर्षं चालू राहते आणि उदासी तिथेच बसून असते. नुसती झोपेची किंवा घाबरटपणाची गोळी म्हणजे डिप्रेशनचा उपचार नव्हे. (ती एकदम बंद मात्र करू नका. अचानक थांबवली तर फिट येऊ शकते.)

वैद्यकात ‘उपचारांना न जुमानणारं डिप्रेशन’ कधी म्हणतात? दोन वेगवेगळी औषधं, प्रत्येक पुऱ्या मात्रेत, प्रत्येक निदान सहा ते आठ आठवडे रोज घेतली आणि तरीही पुरेसा फरक पडला नाही, तेव्हा. म्हणून तुम्हाला पहिलं काम सांगतो ते मोटारीत बसण्याचं नाही, कागदावर लिहिण्याचं आहे. कोणतं औषध, किती मिलिग्रॅम, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, मध्ये किती दिवस सुटलं, कशासाठी सोडलं. श्रावणात सोडलं असेल, गणपतीच्या गडबडीत पाकीट संपलं असेल, भगताने सांगितलं म्हणून थांबवलं असेल, तर तेही लिहा. देवळात गाऱ्हाणं घालायला, कौल लावायला माझा विरोध नाही, त्याने घराला धीर येतो. गोळी बंद ठेवायच्या अटीवर केलेला उपाय मात्र करू नका.

हा कागद इतका महत्त्वाचा का, ते एका मोठ्या अभ्यासातून कळतं. अमेरिकेत सुमारे ४,००० रुग्णांना टप्प्याटप्प्याने औषधं बदलून दिली होती, निकाल २००६ साली आले. पहिल्या औषधावर साधारण तिघांत एक जण पूर्ण बरा झाला, दुसऱ्या टप्प्यावर जवळपास तेवढेच. तिसऱ्या टप्प्यावर हे प्रमाण एकदम १४ टक्क्यांच्या आसपास घसरलं आणि चौथ्यावरही तेवढंच राहिलं. नेमक्या आकड्यांवर पुढे वाद झाले, पण प्रॅक्टिसमध्ये रोज दिसतं ते हेच. दोन औषधं खरोखर नीट देऊन झाली असतील, तर तिसरी-चौथी नुसती बदलत बसण्यात रुग्णाचं वर्ष जातं. आणि नीट दिलीच गेली नसतील, तर मुंबईच्या मशीनची गरज कदाचित पडणारही नाही. तुमचे मिस्टर या दोनपैकी कुठे बसतात, हे त्या कागदावरच कळेल.

तिसरी शक्यता अशी की निदानातच काहीतरी राहून गेलंय. माझीच एक चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका शिक्षिकेला मी आठ महिने औषधं बदलून देत राहिलो. आवाज जड झाला होता, वजन वाढलं होतं, मे महिन्यातही अंगावर शाल असायची. थायरॉइडची तपासणी मी लिहिली ती नवव्या महिन्यात. तिचे ते आठ महिने मी परत देऊ शकलो नाही. तेव्हापासून टीएसएच, हिमोग्लोबिन, बी-१२, साखर, किडनी आणि सोडियम पाहिल्याशिवाय मी ‘लागू पडत नाही’ हे शब्द उच्चारत नाही. मोठ्याने घोरणं आणि दिवसा पेंगणं असेल तर झोपेत श्वास अडकण्याचा आजारही पाहावा लागतो.

दारूचंही खरं सांगा. ‘थोडी घेतात’ म्हणजे रोज किती, हे बायकोला माहीत असतं आणि डॉक्टरसमोर ती गप्प बसते. रोजच्या क्वार्टरपुढे कोणतीही गोळी तोकडी पडते.

आणखी एक फार महत्त्वाचं. आयुष्यात कधी उलटे दिवस येऊन गेलेत का? आठवडाभर तीन-चार तासांच्या झोपेवर टवटवीत, तोंडाची टकळी चालू, एकदम कर्ज काढून होमस्टे बांधायला घेतला, शिमग्यात सगळ्या गावाला जेवण घातलं, असं काही? असेल तर तो बायपोलर आजार असू शकतो. त्यातलं डिप्रेशन वरून अगदी सारखं दिसतं, पण त्याची औषधं वेगळी असतात. हे रुग्ण स्वतः सांगत नाही, कारण त्याच्या लेखी ते आयुष्यातले चांगले दिवस होते. ते तुम्ही सांगायचं.

आता दवाखान्यांकडे येऊ. माझं ठाम मत असं: पहिला दवाखाना जवळचा, जिथे दर पंधरा दिवसांनी जाता-येता येईल असा. लांबचा दवाखाना ठरावीक उपचारापुरता, आणि तिथून परत जवळच्याकडे. डिप्रेशन चिवट असेल तर गाठ वर्षांची असते. पावसात करूळ घाट बंद पडला म्हणून औषध चुकलं, असं होता कामा नये.

तुमच्यासाठी पहिलं ठिकाण ओरोस. जिल्हा रुग्णालय तिथेच आहे आणि २०२१ पासून सरकारी मेडिकल कॉलेजही. कुडाळजवळ पडव्यालाही मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ सालचं. राज्यात अशी चारच आहेत, बाकीची ठाणे, येरवडा आणि नागपूरला. ‘तिकडे नेलं तर लोक काय म्हणतील’ या धास्तीने आपली माणसं त्याच्या दारावरून एसटीने पुढे जातात आणि कर्ज काढून खासगीत दाखवतात. बाह्यरुग्ण विभागात दाखवून, औषध घेऊन संध्याकाळी घरी येता येतं, तिथे पाऊल टाकलं म्हणजे भरती व्हावं लागतं असं नाही. रत्नागिरीला २०२३ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, चिपळूणकडच्यांना डेरवणचं मेडिकल कॉलेज जवळ पडतं, रायगडवाल्यांना अलिबागचं. सावंतवाडी-बांद्याकडची माणसं आधीपासून बांबोळीला जातात. तिथे गोवा सरकारची मानसोपचार संस्था आहे, सगळे आयपीएचबी म्हणतात. बाहेरच्या राज्यातल्या रुग्णांना काय पैसे पडतात ते आधी विचारून घ्या. घाट चढायची तयारी असेल तर कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय, आणि मुंबईत केईएम, नायर, सायन, जे.जे. यांचे मानसोपचार विभाग आहेत. यातलं कुठलंही ठिकाण असो, निघण्याआधी फोन करून मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते ते विचारा. भलत्या वारी पोचलेली माणसं मी पाहिलीत. ती पुन्हा जात नाहीत.

खासगीत जाणार असाल तर पाटीवर एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.पी.एम. आहे आणि ती पदवी मानसोपचारातली आहे हे बघा. समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ यांचं काम मोलाचं असतं, पण त्यांना औषध लिहिता येत नाही. रुग्ण भरती करून घेणारं ठिकाण मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ खाली नोंदलेलं असलं पाहिजे. नोंदणीचा कागद मागायला लाजू नका.

पण पदवीपेक्षाही मी एका गोष्टीवरून दवाखाना ओळखतो: तिथे आजार मोजतात का? साखर न मोजता मधुमेहाचं औषध कुणी वाढवत नाही, इथेही तसंच हवं. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची साधी मराठी प्रश्नावली आहे, गुण ० ते २७. समजा आज २१ आले आणि सहा आठवड्यांनी १० झाले, तर निम्म्याहून जास्त उतरले, औषध काम करतंय. पाचच्या खाली गेले तर माणूस जवळपास पूर्ण बरा. हा आकडा केसपेपरवर तारखेसह लिहिणारा डॉक्टर साध्या खोलीत बसत असला तरी चालेल. ‘कसं वाटतंय? बरं? मग तेच चालू ठेवा’ एवढ्यावर दोन वर्षं काढणाऱ्याची खोली वातानुकूलित असली तरी उपयोग नाही.

चांगल्या ठिकाणी पुढचा विचार कसा होतो, तेही सांगतो. बऱ्याचदा चालू गोळीला दुसऱ्या औषधाची जोड देतात: लिथियम, ॲरिपिप्राझोल, क्वेटियापिन, कधी थायरॉइडचं हार्मोन. यातलं लिथियम जुनं आणि गुणाचं औषध आहे, पण आपल्या हवेत त्याला सांभाळावं लागतं. एप्रिल-मेमध्ये आंबा काढताना घाम निथळतो, पाणी कमी प्यायलं जातं, आणि रक्तातलं लिथियम चढतं. त्यात अंगदुखीवर डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतलं तर आणखीच चढतं. हात जास्त थरथरणं, तोल जाणं, उलट्या-जुलाब दिसले की पुढचा डोस थांबवून त्याच दिवशी डॉक्टरला गाठायचं. त्याची रक्ततपासणी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी करतात. सकाळची गोळी घेऊन लॅबमध्ये गेलात तर आकडा फसवा येतो.

बोलण्याच्या उपचाराला आपल्याकडे ‘नुसतं समजावणं’ म्हणतात. ब्रिटनमध्ये औषधाने बरे न झालेल्या ४६९ रुग्णांवर अभ्यास झाला, २०१३ साली छापला गेला. निम्म्यांना औषधासोबत सीबीटी हा बोलण्याचा उपचार दिला. सहा महिन्यांनी त्यांच्यापैकी ४६ टक्क्यांना ठळक फरक होता, नुसत्या नेहमीच्या उपचारावर असलेल्यांत २२ टक्क्यांना. दुपटीहून जास्त. हे बोलणं आता फोनवरही होतं, त्यासाठी घाट ओलांडायला नको.

आता शॉक. वाडीतल्यांची भीती मी हलक्यात घेत नाही, जुन्या काळी भूल न देता शॉक देत असत. आज तसं करायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. आज खोलीत काय होतं ते ऐका. रुग्ण सकाळी उपाशीपोटी येतो. शिरेत सुई लावतात. बीपीचा पट्टा एका पायाच्या घोट्यावर बांधून फुगवतात. मग भूल, आणि त्यामागोमाग अंग सैल करणारं औषध. पट्ट्यामुळे ते त्या पावलापर्यंत पोचत नाही. काही सेकंद करंट जातो, मेंदूत अर्धा-एक मिनिट फिट येते, आणि बाहेरून दिसतं ते एवढंच: ते एक पाऊल आणि त्याची बोटं हलतात. बाकी अंग स्वस्थ. आम्ही त्या बोटांकडे बघत सेकंद मोजतो. पाच-दहा मिनिटांत डोळे उघडतात. डोकं दुखतं, तासभर गोंधळल्यासारखं होतं. आठवड्याला दोन-तीन वेळा, असे सहा ते बारा.

त्याचा खरा त्रास स्मरणाचा. उपचाराच्या आसपासच्या आठवड्यांतलं काही विसरतं. बरंचसं परत येतं, काही आठवणी कायमच्या जातात. हे आधी सांगितलंच पाहिजे. रुग्ण समजण्याच्या स्थितीत असेल तर संमतीची सही त्याची स्वतःची हवी, बायकोची पुरत नाही. पण ज्याने अन्नपाणी सोडलंय, ‘माझं शरीर सडलंय’ असं ज्याला खरंच वाटतंय, जो मरण मागतोय, त्याच्यासाठी यापेक्षा भरवशाचा उपचार आजही आमच्याकडे नाही. ताटाकडे न बघणारा माणूस चौथ्या शॉकनंतर ‘पेज आहे का’ असं विचारताना मी पाहिलाय. मात्र नंतर औषध चालू ठेवूनही वर्षभरात जवळपास निम्म्यांचा आजार परततो. म्हणून तर म्हणतो, जवळचा डॉक्टर आधी पक्का करा.

दिरांची ‘मशीन’ म्हणजे बहुधा आरटीएमएस. डोक्यावर चुंबकाची गुंडाळी धरतात, सुतारपक्ष्याने लाकडावर टोचावं तशी टकटक होते. भूल नाही, विसराळूपणा नाही. अमेरिकेत याला २००८ साली मान्यता मिळाली. पण आठवड्यातले पाच दिवस, असे चार ते सहा आठवडे जावं लागतं. देवगडहून रोज जाणं शक्य नाही, डोंबिवलीला महिना-दीड महिना राहावं लागेल, सोबत कुणीतरी हवंच. बागायतदाराला जून-जुलै त्यातल्या त्यात मोकळा असतो. डोक्यात किंवा कानात धातूचं काही बसवलेलं असेल, फिट येत असतील, तर आधी सांगा. चांगलं केंद्र ओळखायची एक खूण: पहिल्या दिवशी अंगठा हलेपर्यंत चुंबकाचा जोर हळूहळू वाढवत नेतात आणि त्यावरून त्या माणसाचा डोस ठरवतात. हे न करता सगळ्यांना एकाच आकड्यावर बसवत असतील, किंवा ‘शंभर टक्के गॅरंटी’ म्हणत पूर्ण पॅकेजचे पैसे आधी मागत असतील, तर तिथून उठा.

केटामाइनबद्दलही हल्ली विचारतात. हे भुलीचं जुनं औषध, अगदी कमी मात्रेत साधारण ४० मिनिटांत सलाईनमधून देतात. काही तासांत उदासी हलकी होते, पण एका डोसाचा परिणाम काही दिवसांत ओसरतो. बीपी वाढतं, माणूस तरंगल्यासारखा होतो, नंतर दोन तास देखरेख लागते आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही. मॉनिटर, ऑक्सिजन आणि भूल हाताळू शकणारा डॉक्टर नसलेल्या जागी ते घेऊ नका. तुमच्या मिस्टरांचं बीपी माहीत नसताना मी त्याचा विचारही करणार नाही.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला वाटतं ते असं. पहाटे तीनला मोडणारी झोप, तुटलेलं जेवण, बागेतून पूर्ण उडालेलं मन, हे गंभीर डिप्रेशनचं चित्र आहे, आणि अशी माणसं नीट उपचाराने उठतात. हा आठवडा कागद आणि रक्ततपासण्या. पुढच्या आठवड्यात ओरोसची ओपीडी. तिथे तीनच गोष्टी विचारा: आधीची औषधं पुऱ्या मात्रेत झाली होती का, आज गुण किती आले, आणि सहा आठवड्यांत ते उतरले नाहीत तर पुढे काय. शॉकची सोय कुठे आहे तेही विचारून ठेवा, लागेल तेव्हा शोधाशोध नको. दिरांना सांगा की जागा तयार ठेवा, गरज पडली तर येऊ.

जाताना ती पिशवी न्या. रिकामी पाकिटं फेकू नका, तीही न्या.